देवापुढची किल्ली

दुसऱ्या शनिवारी सकाळी वेणीमाधव करंबेळकरांनी बायकोला सांगितलं, "दाढ ठणकतेय, डॉक्टरांना दाखवून येतो," आणि ते थेट मोटारींच्या शोरूममध्ये गेले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांनी गालावर हात धरून ठेवला होता. पण खरं सांगण्यातही अर्थ नव्हता. गंगेकाठी मुन्शी घाटावरच्या त्यांच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. तिथे गाडी ठेवणार कुठे, या मुक्ताच्या एका प्रश्नावर तो विषय सहा वर्षं अडून बसला होता. मुक्ता शाळेत गणित शिकवायची. तिचे प्रश्न नेमके असत.

शिवाय मुळात वेणीमाधवांचाच निर्णय होत नव्हता. बँकेत दुसऱ्यांच्या अर्जांवर ते खटाखट सह्या करत, पण घरात फ्रिज आणायला त्यांना चार वर्षं लागली होती. तोवर बर्फाचा गोळा मागणारी लेक ईशानी शिकायला पुण्याला निघून गेली. गाडीचंही तेच. पेट्रोलची घ्यावी तर धूर, विजेची घ्यावी तर आडवाटेला बॅटरी संपण्याची धास्ती. अशात एके दिवशी पेपरात त्यांनी 'प्लग-इन हायब्रिड' हे शब्द वाचले. घरी रात्रभर प्लगला लावायची, गावात विजेवर फिरायची, बाहेरगावी निघालं की पेट्रोलवर. दोन्हीपैकी एक निवडायची गरजच नाही! आपला स्वभाव बघूनच कुणीतरी ही गाडी बनवली आहे, असं त्यांना वाटलं.

"सर, न बहुत ऊँची, न बहुत नीची," शोरूममधले चौरसिया म्हणाले. चौरसिया पंचेचाळिशीचे, घामट आणि सज्जन गृहस्थ होते. "जीप जैसी दिखती है, कार जैसी चलती है। चलिए, टेस्ट ड्राइव लीजिए।"

गाडी करड्या रंगाची होती. आठ महिन्यांपासून ती शोरूममध्ये उभी होती. माणसं येत, बसत, सगळी बटणं दाबत, "वाह" म्हणत आणि शेजारची पेट्रोलची गाडी घेऊन जात. चौरसियांनी हे वेणीमाधवांना सांगितलं नाही. पण त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवताना त्यांनी मनातल्या मनात संकटमोचनाला हात जोडले.

मिर्झापूरला असताना वेणीमाधवांनी बँकेची जीप पुष्कळ चालवली होती. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"सर, पहली बार में ही चालू हो गई थी। अब आपने बंद कर दी," चौरसिया म्हणाले.

सामनेघाटच्या पुलावर गाडी लागली तेव्हा वेणीमाधव दाढच काय, सगळं जग विसरले होते. ना आवाज, ना हादरा. पायाखालून गंगा सरकत होती आणि गाडीही तशीच सरकत होती. पूल संपून रामनगर आलं तेव्हा त्यांनी मनातली शेवटची शंका बोलून दाखवली. घरच्या साध्या प्लगवर ही खरोखर चार्ज होते का?

"गीजर वाला प्वाइंट बस, सर। इधर कोई जान-पहचान का घर हो तो अभी लगाकर दिखा दूँ। दस मिनट।"

जान-पहचानीचं घर होतं. इंदूआत्याचं. वेणीमाधवांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या घराला फाटक होतं, फाटकाआत अंगण होतं आणि न्हाणीघराच्या खिडकीशी गीझरचा प्लग होता. या वेळी आत्या देवपूजेत असेल, आतेभाऊ प्रसन्न पोस्टात असेल, दहा मिनिटांत आपण परत, असा हिशेब करून वेणीमाधवांनी गाडी अंगणात घेतली. चौरसियांनी खिडकीतून वायर आत सोडली, एक टोक प्लगला आणि दुसरं गाडीला लावलं. गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"देखिए सर!"

वेणीमाधव बघत होते. त्यांच्या मागे इंदूआत्याही बघत होती.

"वेणी," ती म्हणाली, "गाडी घेतलीस?"

आत्याच्या हातात फुलांची परडी होती. तिने गाडीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "दादाची, तुझ्या बाबांची, फार इच्छा होती रे. आपल्या घराण्यातली पहिली चारचाकी. पंचाहत्तर वर्षं सगळे रिक्शा नि नावेतच बसले."

"आत्या, ऐक ना, ही—"

"कोण, वेणीदादा?" म्हणत आतून प्रसन्न आला. पोस्टाला त्याने नेमकी आज सुट्टी टाकली होती. "अरे बाप रे! तू आणि गाडी? पंखा कुठला घ्यावा म्हणून दोन उन्हाळे घामात काढलेस, तो तू? सच बोल, कुणाची मागून आणलीस?"

झालं एवढंच. प्रसन्न हसला नसता तर वेणीमाधवांनी त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं. पण तो हसला, आणि करंबेळकरांच्या तोंडून एक हुंकार बाहेर पडला. तो 'हो'ही नव्हता आणि 'नाही'ही नव्हता. ऐकणाऱ्यांना मात्र तो 'हो' वाटला. गाडीच्या डाव्या दारावर 'टेस्ट ड्राइव' अशी ठळक अक्षरं होती. पण डावी बाजू भिंतीकडे होती, आणि भिंतीला ते वाचून काही उपयोग नव्हता.

"अहाहा, थांब, हलू नकोस," आत्या म्हणाली आणि आत जाऊन तबक घेऊन आली. तिने गाडीला ओवाळलं, वेणीमाधवांना ओवाळलं, चौरसियांनाही ओवाळलं. मग तेलात कालवलेल्या कुंकवाने तिने बॉनेटवर हातभर मोठं स्वस्तिक काढलं.

"माताजी, पेंट..." चौरसिया पुटपुटले.

"पेंट नहीं है, कुंकू है," आत्या म्हणाली.

प्रसन्न नारळ घेऊन आला. चाकापुढच्या दगडावर त्याने तो असा जोरात आपटला की नारळाचे तीन तुकडे झाले. दोन अंगणात पडले आणि तिसरा टण्कन गाडीच्या पुढच्या बंपरला लागला. चौरसिया खाली वाकले. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"ड्राइव्हर आहे का रे हा? फार कष्टी दिसतो," आत्या म्हणाली. "प्रसन्न, त्यांना आधी पाणी दे. आणि वेणी, किल्ली आण इकडे. देवापुढे ठेवते. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करते, म्हणजे काळजी नाही."

"एकवीस?" वेणीमाधव म्हणाले.

"नव्या गाडीला अकरा कमी पडतात." आणि त्यांच्या हातातली किल्ली घेऊन आत्या देवघरात गेली. मध्ये कुणी बोलू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं.

पाठोपाठ गाडीतून 'टुक' असा आवाज आला. चौरसियांनी डोळे मिटले.

"क्या हुआ?"

"सर, चाबी दूर गई तो गाड़ी अपने आप लॉक हो गई। और गाड़ी लॉक तो वायर भी लॉक। चोर न निकाल ले, इसलिए। अब चाबी आए तब ही खुलेगी।"

"दूसरी चाबी?"

"शोरूम में है। और साढ़े बारह बजे वहाँ एक डॉक्टर साहब आने वाले हैं। यही गाड़ी देखने।"

तेव्हा पावणेबारा झाले होते. देवघराच्या दाराआडून आत्याचा स्वच्छ, सावकाश आवाज येत होता. मुख्याध्यापिका असताना ती प्रार्थना अशीच म्हणायची. एकही जोडाक्षर तिने कधी घाईत उरकलं नव्हतं. वेणीमाधवांनी दाराशी जाऊन हळूच हाक मारली, "आत्या..." आतला आवाज थांबला. मग आत्याने ते आवर्तन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वेणीमाधव पाय न वाजवता परत आले.

फाटकात एव्हाना शेजारी जमले होते. "चालू है कि बंद है?" एकाने विचारलं. "बिजली वाली है, गरम पानी भी देगी?" दुसऱ्याने वायर न्हाणीघरात गेलेली बघून विचारलं. इतकी माणसं एकदम गाडीबद्दल विचारताहेत म्हटल्यावर चौरसिया सवयीने उत्तरं देऊ लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"जी सर... जी, रामनगर में... नहीं सर, खराब नहीं हुई, चार्ज हो रही है... कब तक?" त्यांनी देवघराकडे कान देऊन वेणीमाधवांना विचारलं, "सर, कितना हुआ?"

"चौथं," वेणीमाधव म्हणाले.

"अभी उन्नीस परसेंट है सर," चौरसियांनी मॅनेजरला सांगितलं. चार भागिले एकवीस. मुक्ता असती तर तिनेही मान डोलावली असती.

आणि मुक्ताची आठवण येते न येते तोच वेणीमाधवांच्या खिशात मोबाइल थरथरला. 'करंबेळकर परिवार' या ग्रुपवर प्रसन्नने फोटो टाकला होता. स्वस्तिक काढलेली गाडी, शेजारी तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे असलेले वेणीमाधव, आणि खाली ओळ: 'दादाने करून दाखवलं!' इंदूरहून काकांचे आशीर्वाद आले. नागपूरहून 'पेढे कधी' असा प्रश्न आला. पुण्याहून ईशानीचा स्वतंत्र मेसेज आला: 'बाबा??? आईला माहितीये???'

सगळ्यात शेवटी मुक्ताचं उत्तर आलं. शब्द नव्हते. नुसते जोडलेले दोन हात होते.

सव्वीस वर्षांच्या संसारात वेणीमाधव मुक्ताचं रागावणं ओळखायला शिकले होते. ती ओरडली तर संध्याकाळपर्यंत निवळे. गप्प बसली तर दोन दिवस लागत. पण नमस्कार? नमस्कार तिने याआधी कधी केला नव्हता. त्यांना खरोखरच दाढेत कळ आल्यासारखं वाटलं.

त्यांनी फोन लावला. तिने उचलला नाही. शनिवारी शाळा लवकर सुटते हे त्यांना आठवलं, आणि दीड तासाने फाटकापाशी ई-रिक्शा थांबली तेव्हा त्यातून कोण उतरणार हे त्यांनी न बघताच ओळखलं.

मुक्ता आत आली. खांद्याला वह्यांची पिशवी होती. तिने गाडी बघितली, स्वस्तिक बघितलं, खिडकीतून गेलेली वायर बघितली. मग ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठली काढली?" तिने हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"दाढ."

"अगं, मी सांगणारच होतो..."

त्याच क्षणी देवघराचं दार उघडलं. एकवीस पुरी झाली होती. आत्या बाहेर आली. तिच्या तळहातावर किल्ली होती, किल्लीवर अक्षता आणि जास्वंदीचं फूल. चौरसिया किल्लीकडे असे बघत होते, जसा उपासाचा माणूस वाढलेल्या पानाकडे बघतो.

"आलीस मुक्ता? बरं झालं. घरची लक्ष्मी पहिली बसायला हवी," आत्या म्हणाली आणि तिने किल्ली मुक्ताच्या हातात ठेवली. "मला वाटलंच होतं, एवढं मोठं काम वेणीने एकट्याने केलं नसणार. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत ना?"

प्रसन्न बघत होता. शेजारी बघत होते. मुक्ताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारखा झाला होता. तिने डोक्यावरून पदर घेतला, किल्ली कपाळाला लावली आणि वाकून आत्याला नमस्कार केला.

"हो आत्या," ती म्हणाली. "दोघांनी मिळून."

वेणीमाधवांनी प्रसन्नचं हसणं सोसलं असतं. ग्रुपवरची शोभाही सोसली असती. पण जिला आपण सकाळी दाढेची थाप मारली, ती मुक्ता चारचौघांत आपली लाज राखायला स्वतः खोटं बोलते आहे, हे मात्र त्यांना सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फार विचार न करता तोंड उघडलं.

"आत्या, गाडी माझी नाही. शोरूमची आहे. मी नुसती चालवून बघायला आणली होती. मुक्ताला यातलं काही माहीत नव्हतं. आणि हे ड्राइव्हर नाहीत, हे चौरसिया, गाडी विकतात."

प्रसन्न हसायला निघाला होता, पण आईचा चेहरा बघून त्याने ते आतच ठेवलं.

"म्हणजे मी एकवीस आवर्तनं कुणासाठी केली?" आत्याने विचारलं.

चौरसिया हात जोडून पुढे झाले. भाषा कळली नव्हती, पण विषय कळला होता. "माताजी, गलती मेरी है, मैंने ही कहा था कि प्लग लगाकर दिखाते हैं। आठ महीने में इस गाड़ी को किसी ने इतना आदर नहीं दिया। अब चाबी दे दीजिए, मैनेजर साहब के छह फोन आ चुके हैं।"

आत्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग मुक्ताकडून किल्ली घेऊन तिने चौरसियांना दार उघडायला लावलं, पदर सावरला आणि पुढच्या सीटवर बसली. बसली म्हणजे नुसती टेकली. ना वाकावं लागलं, ना चढावं लागलं. तिने पाय आत घेतले. बाहेर काढले. पुन्हा आत घेतले.

"गुडघा दुखला नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मग वर्गात प्रश्न विचारावा तशा आवाजात, "चौरसिया जी, एक बार चार्ज करो तो कितना चलती है?"

"साठ किलोमीटर, माताजी। उसके बाद पेट्रोल।"

"सारनाथ जाकर लौट आएगी?"

"आराम से।"

"अकरा वर्षं झाली सारनाथला गेले नाही," आत्या म्हणाली. "ऑटोत चढता येत नाही, ई-रिक्शात कंबर मोडते, आणि प्रसन्नच्या स्कूटरवर बसण्यापेक्षा मी घरात मरेन. बंपरला खोक पडली, बॉनेटवर कुंकू बसलं. ही गाडी आता दुसऱ्या कुणी घ्यायची म्हणजे त्याला फसवल्यासारखं. पेन्शन नुसती साठून पडलीये. चौरसिया जी, यही गाड़ी दे दीजिए।"

"आई!" प्रसन्न ओरडला. "मला गाडी चालवता येत नाही!"

"तुला कोण सांगतंय? वेणी चालवेल. त्याला चालवता येते, घेता तेवढी येत नाही."

चौरसिया भिंतीला टेकून उभे राहिले. मॅनेजरचा सातवा फोन त्यांनी वाजू दिला.

परत जाताना गाडी चौरसियांनी चालवली. वेणीमाधव आणि मुक्ता मागे बसले. कोरडं फडकं मारूनही बॉनेटवरचं स्वस्तिक फिकट झालं नव्हतं, उलट जरा पसरलं होतं.

"विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं," मुक्ता खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"म्हणूनच विचारलं नाही."

"मग नुसतं सांगायचं होतंत. नाही म्हणायला मला वेळ मिळाला असता." तिने वह्यांची पिशवी मांडीवर घेतली. "सगळ्यांसमोर बोललात ते चांगलं केलंत."

"तू का खोटं बोललीस?"

"मला वाटलं, दाढ काढलीय, बोलायला त्रास होत असेल."

वेणीमाधवांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती अजून बाहेरच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मग दोघंही हसली, इतकी की चौरसियांनी आरशात बघितलं. "आवाज अजिबात येत नाही हो हिचा," थोड्या वेळाने मुक्ता म्हणाली आणि तिने खिडकीची काच खाली केली.

पुढच्या गुरुवारी गाडीचा ताबा घ्यायला सगळे शोरूममध्ये गेले. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. चौरसियांनी पेढे आणले होते, मॅनेजरने स्वतः गाडीला हार घातला. प्रसन्नने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकण्यापूर्वी सगळ्यांची परवानगी विचारली.

शेवटी चौरसियांनी एक छापील फॉर्म वेणीमाधवांपुढे सरकवला. "बस सर, एक छोटा-सा फीडबैक। कंपनी का नियम है।"

फॉर्मवर एकच प्रश्न होता: 'खरीदने का निर्णय किसने लिया?' खाली चार चौकोन होते. स्वयं, जीवनसाथी, बच्चे, अन्य. वेणीमाधवांनी पेन उघडलं. पेन 'स्वयं'पाशी गेलं, तिथून 'अन्य'कडे वळलं, मग मुक्ताकडे बघून 'जीवनसाथी'वर घुटमळलं. चौरसियांनी घड्याळात पाहिलं. मुक्ताने छताकडे पाहिलं. पेन पुन्हा पहिल्या चौकोनाकडे निघालं.

इंदूआत्याने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, 'स्वयं'वर बरोबरची खूण केली आणि खाली पूर्ण नावाची, वळणदार अक्षरातली सही ठोकली.

"चल," ती उठत म्हणाली, "सारनाथचं फाटक पाचला बंद होतं."